बाटलीभर तेल आणि यंत्राची प्रकृती: कुर्ला ते जुहू

(दीर्घ थ्रेड)

१. मुंबईच्या उपनगरांचा इतिहास सांगताना आपण लोकल, वसाहती, कारखाने आणि मिठागरे यांच्याकडे वळतो. या थ्रेडमध्ये तोच इतिहास एका लहानशा बाटलीतून पाहू. चालत्या इंजिनातून ठरावीक अंतराने बाटलीभर वंगणतेल काढायचे, त्यात कोणते धातू किती उतरले आहेत ते मोजायचे आणि इंजिन न उघडता त्याच्या आत काय झिजते आहे ते ओळखायचे. ही पद्धत रेल्वेत जन्मली, विमानांत गेली आणि आज आपल्या घरात वीज आणणाऱ्या ट्रान्स्फॉर्मरपर्यंत पोहोचली आहे.

२. या इतिहासात दोन गोष्टी पुन:पुन्हा समोर येतात. एक, तेलाचा एकटा नमुना फारसे काही सांगत नाही. नमुन्यांची मालिका सांगते. दोन, नमुना वाचता येणे पुरेसे नसते. वाचणाऱ्याच्या शब्दावर यंत्र थांबावे लागते. दुसरी गोष्ट जिथे विसरली गेली तिथे माणसे मेली आहेत. त्या घटनांकडे थ्रेडच्या उत्तरार्धात येऊ.

३. सुरुवात वाफेपासून करू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली, ती आजच्या कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड या पट्ट्यातूनच. त्या आणि त्यानंतरच्या वाफेच्या इंजिनांनाही वंगण लागे. परंतु त्यांतील बहुतेक तेल परत येत नसे. ड्रायव्हर बुधलीने सांध्यांत तेल घाली, ते काम करी आणि रुळांवर गळून जाई. झिजलेला धातू त्या तेलाबरोबरच वाटेत सांडे. तपासायला हाती काही उरतच नसे.

४. मग बिघाड ओळखायचा कसा? हाताने, कानाने आणि नाकाने. गाडी स्थानकात थांबली की ड्रायव्हर खाली उतरे, जोडदांड्याच्या बेअरिंगवर हाताची मागची बाजू टेकवी आणि ऊब अजमावी. तापलेल्या तेलाचा वास, बदललेला ठोका, सैल झालेल्या सांध्याचा खडखडाट, या साऱ्याची एक अलिखित विद्या होती. ती अचूकही असे. मात्र ती माणसाबरोबर निवृत्त होई आणि बेअरिंग तापू लागल्यावरच बोलू लागे.

५. मुंबईत वाफेनंतर थेट डिझेल आले नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातील पहिली विजेची गाडी धावली. १९२८च्या जानेवारीत पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या. त्यामुळे लोकलचा प्रवासी आणि डिझेल इंजिन यांचा संबंध कमीच. डिझेल लागले ते विजेची तार जिथे संपत होती त्याच्या पलीकडे, तसेच यार्डांतील शंटिंगसाठी. पण या इंजिनांची घरे मुंबईच्या परिसरातच झाली: कुर्ला आणि कल्याण येथील डिझेल शेड.

६. भारतीय रेल्वेच्या डिझेल युगाचा कणा म्हणजे डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन. अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या आराखड्याचे, १६ सिलिंडरांचे, २६०० अश्वशक्तीचे. पहिली इंजिने १९६२ मध्ये आयात झाली आणि जानेवारी १९६४ मध्ये वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून देशात जोडलेले पहिले इंजिन बाहेर पडले. आपल्या विषयासाठी त्यातील महत्त्वाचा भाग मात्र तळाशी होता: शेकडो लिटर वंगणतेल साठवणारा सम्प. पंप ते तेल वर चढवतो, ते क्रँकशाफ्ट, बेअरिंगे, पिस्टन यांतून फिरते आणि पुन्हा सम्पमध्ये येते.

७. 'परत येणे' हीच इथली क्रांती. फिरून आलेले तेल जिथे जिथे गेले तिथली खूण घेऊन येते. सिलिंडरचे लायनर आणि क्रँकशाफ्ट झिजले तर लोखंड. पिस्टन घासला तर ॲल्युमिनियम. क्रोमचा मुलामा दिलेल्या कड्या झिजल्या तर क्रोमियम. बेअरिंग उतरू लागले तर तांबे, शिसे आणि कथील. हवेच्या गाळण्यातून धूळ आत शिरली तर सिलिकॉन. थंड करण्याच्या पाण्याची गळती तेलात झाली तर त्या पाण्यात मिसळलेल्या रसायनांतील सोडियम वा बोरॉन. प्रत्येक भाग आपली सही तेलात सोडतो.

८. अडचण मोजमापाची होती. हे प्रमाण दशलक्ष भागांमागे काही भाग, म्हणजे पीपीएम, इतके सूक्ष्म असते. अंदाज यावा म्हणून सांगतो: हजार लिटर तेलात २० पीपीएम लोखंड म्हणजे साधारण १८ ग्रॅम. एवढे लोखंड सबंध इंजिनाच्या तेलात विखुरलेले! जुन्या रासायनिक पद्धतीने एकेक धातू वेगळा काढून मोजायला इतका वेळ लागे की उत्तर येईपर्यंत इंजिन कित्येक फेऱ्या करून आलेले असे. उत्तर लवकर हवे होते, आणि ते प्रकाशाच्या अभ्यासातून मिळाले.

९. १८५९-६० च्या सुमारास जर्मनीत हायडेलबर्ग येथे गुस्ताव्ह किर्कहॉफ आणि रॉबर्ट बुन्सेन यांनी दाखवून दिले की तापून प्रकाशमान झालेले प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक रंगरेषा फेकते. प्रकाश लोलकातून पसरवला की त्या रेषा दिसतात आणि द्रव्य ओळखता येते. द्रव्याला हात लावण्याची गरज नाही; ते सूर्यावर असले तरी चालते. या वर्णपटशास्त्राचा महाराष्ट्राशी आलेला संबंध आपल्याकडे पुष्कळदा चुकीचा सांगितला जातो, म्हणून तो इथे नीट मांडतो.

१०. समाजमाध्यमांवर दरवर्षी फिरणारा मजकूर असा: '१८६८ साली नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला.' हे खरे नाही. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पियर जान्सन यांनी आंध्रातील गुंटूर येथून पाहिले. लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच, ग्रहणाशिवाय, सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला. त्यातील एक पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. त्या अज्ञात द्रव्याला पुढे हेलियम हे नाव मिळाले.

११. मग विजयदुर्गावरचे 'साहेबाचे ओटे'? लॉकियर तिथे आले होते हे खरे. पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्याच ग्रहणाच्या वेळी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी जेऊर येथे आपला तळ ठोकला होता. म्हणजे रंगरेषांवरून द्रव्य ओळखण्याची विद्या कोकणात आणि देशावर इंजिनाच्या तेलाच्या कितीतरी आधी येऊन गेली होती. सूर्य वाचणारी हीच विद्या पुढे इंजिनाचे तेल वाचू लागली.

१२. ते घडले अमेरिकेत, आणि तेही रेल्वेत. डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या डोंगराळ मार्गावरच्या रेल्वे कंपनीने १९४०च्या दशकात आपल्या डिझेल इंजिनांच्या वापरलेल्या तेलाचे वर्णपट घेण्यास सुरुवात केली. धातूंचे वाढते प्रमाण आणि पुढे आलेला बिघाड यांची सांगड बसते हे तिच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले. इंजिने नवी आणि महाग, रॉकी पर्वतातले चढ अवघड, आणि मार्गात इंजिन पडले तर मदत दूर. गरज स्पष्ट होती. १९५०च्या दशकात अमेरिकी नौदलाने हीच पद्धत विमानांच्या इंजिनांसाठी उचलली आणि पुढे तिन्ही सैन्यदलांचा संयुक्त तेलतपासणी कार्यक्रम उभा राहिला.

१३. यंत्र कसे चालते? एका छोट्या भांड्यात नमुना ओततात. ग्रॅफाइटची चकती त्यात अर्धवट बुडवून फिरवतात, म्हणजे तिच्या कडेला तेलाचा पातळ थर चढत राहतो. वरच्या टोकाशी दुसऱ्या ग्रॅफाइट कांडीतून विजेची ठिणगी पाडतात. ठिणगीच्या उष्णतेत तेल जळते, धातूंचे अणू उत्तेजित होतात आणि आपापल्या रेषा फेकतात. रेषेच्या जागेवरून धातू कळतो, तिच्या तेजावरून प्रमाण. एका मिनिटाच्या आसपास डझनभर मूलद्रव्यांचे आकडे समोर येतात. आपल्याकडच्या डिझेल शेडच्या प्रयोगशाळांतही हा वर्णपटमापक नित्याच्या कामाचा भाग झाला.

१४. तरीही या पद्धतीचे खरे कष्ट यंत्रापाशी नव्हते, बाटलीपाशी होते. तेल गरम असतानाच काढायचे, कारण थंड तेलात कण तळाशी बसतात. दर वेळी एकाच ठिकाणाहून काढायचे. गाळणीच्या आधीच्या भागातून काढायचे, कारण गाळणीनंतरचे तेल पुरावा गमावून आलेले असते. नळीतले आधीचे शिळे तेल ओतून द्यायचे. बाटली कोरडी आणि स्वच्छ हवी. शेडच्या धुळीचा एक कण पडला तरी सिलिकॉनचा आकडा खोटा बोलतो. आणि बाटलीवर इंजिनाचा क्रमांक, तारीख, तेल किती दिवसांचे, ही नोंद त्याच क्षणी करायची.

१५. आता मालिकेचे महत्त्व. समजा, एका इंजिनात लोखंडाचे सलग पाच आकडे असे आले: ४०, ४१, ३९, ४०, ४१ पीपीएम. दुसऱ्यात असे: १८, २०, १९, २१, ३४. शेवटच्या दिवशी फक्त एकेक आकडा पाहिला तर पहिले इंजिन आजारी वाटेल. प्रत्यक्षात पहिल्याची झीज स्थिर आहे, ती त्याची प्रकृतीच आहे. दुसऱ्याच्या पोटात मात्र काहीतरी नुकतेच बिघडले आहे. म्हणून मर्यादेचा तक्ता भिंतीवर लावून भागत नाही. प्रत्येक इंजिनाचे स्वतंत्र पान लागते.

१६. त्या पानावर आणखी एक रकाना अत्यावश्यक असतो: वरून किती तेल घातले? मोठी डिझेल इंजिने चालताना तेल जाळतात, त्यामुळे भर घालावीच लागते. समजा, ८०० लिटर तेल उरले आहे आणि त्यात लोखंड ३० पीपीएम आहे. त्यात २०० लिटर ताजे तेल ओतले की आकडा २४ वर येतो. इंजिन सुधारले नाही; पुरावा पातळ झाला. भर घातल्याची नोंद ज्याने केली नाही, त्याने नकळत इंजिनाला निरोगीपणाचा दाखला दिला. रात्रपाळीच्या कामगाराच्या एका ओळीवर प्रयोगशाळेचा सगळा निष्कर्ष अवलंबून असतो.

१७. आकडे एकेकटे वाचायचे नसतात, जोडीने वाचायचे असतात. सिलिकॉन, लोखंड आणि क्रोमियम एकत्र वाढले तर गाळण्यातून आलेली धूळ लायनर आणि कड्या खाते आहे. उपाय इंजिनात नसून हवेच्या गाळण्यात आहे. सोडियम वाढला तर पाण्याची वाट शोधा. शिसे आणि कथील आधी वाढले व मागून तांबे आले, तर बेअरिंगचा वरचा थर संपून आतला उघडा पडतो आहे. जनरल मोटर्सच्या घराण्यातील ज्या इंजिनांत चांदीचा मुलामा दिलेली बेअरिंगे असतात, तिथे चांदीवर लक्ष ठेवतात. आणि तेलात जस्त आढळले तरी दचकतात, कारण जस्तयुक्त मिश्रके त्या चांदीला खातात.

१८. महागड्या यंत्राशेजारी साध्या चाचण्याही टिकून राहिल्या. टीपकागदावर तेलाचा थेंब सोडायचा: काजळी मधोमध घट्ट बसली तर तेलाची घाण तरंगत ठेवण्याची शक्ती संपली, डाग एकसारखा पसरला तर अजून दम आहे. तापलेल्या तव्यावर थेंब टाकायचा: चुरचुरला तर त्यात पाणी आहे. फोडणीत पाण्याचा थेंब पडला की काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला ही चाचणी वेगळी शिकवावी लागत नाही. तेल पातळ झाले आणि कमी तापमानाला पेट घेऊ लागले, तर त्यात डिझेल मिसळते आहे.

१९. या पद्धतीला एक मोठी मर्यादाही आहे. ठिणगीत फक्त अगदी बारीक कण पुरते जळतात. साधारण पाच ते दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण वर्णपटमापकाच्या नजरेतून निसटतात. हळूहळू घासणारी झीज बारीक कण देते, ती दिसते. पण धातू थकून त्याचे कपचे निघू लागले तर ते मोठे असतात. म्हणजे सर्वांत धोकादायक बिघाडाच्या वेळी आकडा शांत राहू शकतो. १९७०च्या दशकात अमेरिकेत विकसित झालेल्या फेरोग्राफीने ही उणीव अंशतः भरून काढली. चुंबकाच्या साहाय्याने कण काचपट्टीवर ओळीत बसवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे आकार वाचायचे. चपटी पापुद्री नेहमीच्या घर्षणाची, कुरळी तार कापल्याची, जाड तुकडा थकव्याचा.

२०. ही मर्यादा सर्वांत जास्त जाचते ती हेलिकॉप्टरमध्ये. विमानाचे एक इंजिन बंद पडले तर दुसरे असते. हेलिकॉप्टरचा मुख्य गिअरबॉक्स मात्र एकच. म्हणून तिथे तेलाच्या वाटेत चुंबकी शोधक बसवतात. लोखंडी कपचा चिकटला की इशारा मिळतो. आपल्या उपनगरांना हा विषय परका नाही. १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने बॉम्बे हायचे तेल शोधले, १९८५ मध्ये स्थापन झालेल्या पवन हंसची हेलिकॉप्टरे जुहूच्या तळावरून समुद्रातल्या फलाटांकडे माणसे नेऊ लागली. १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल आणून उतरवले तेच हे जुहू. सागरी तेलक्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला गिअरबॉक्स या शब्दाचे वजन कळते.

२१. आता ती घटना. १ एप्रिल २००९ रोजी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ उत्तर समुद्रात तेलफलाटावरून परतणारे सुपर प्यूमा हेलिकॉप्टर कोसळले. १६ जणांचा मृत्यू झाला. मुख्य गिअरबॉक्समधील एक दंतचक्र थकव्याने फुटले होते. आठवडाभर आधी, २५ मार्चला, चुंबकी शोधकाने इशारा दिला होता आणि धातूचा एक कण सापडलाही होता. पण तो कण कशाचा आहे हे ठरवताना हेलिकॉप्टर चालवणारी कंपनी आणि उत्पादक यांच्यातील संवादात गफलत झाली. गिअरबॉक्सचा तो भाग उघडून आतील चुंबक तपासणे राहून गेले. हेलिकॉप्टर उडत राहिले.

२२. सात वर्षांनी, २९ एप्रिल २०१६ रोजी, त्याच घराण्यातील हेलिकॉप्टर नॉर्वेत तुरॉय बेटापाशी कोसळले आणि १३ जण गेले. तेव्हा तर इशाराच मिळाला नाही. भेग पृष्ठभागाखाली वाढत गेली, शोधकाला पुरेसे कण मिळालेच नाहीत. या दोन घटना शेजारी ठेवून वाचायला हव्यात. पहिलीत तेलाने सांगितले आणि माणसांनी ऐकले नाही. दुसरीत तेलाला सांगण्यासारखे काही मिळालेच नाही. तेलतपासणीवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्याने दुसरी आठवावी, आणि तिची टिंगल करणाऱ्याने पहिली.

२३. पहिल्या घटनेतला पेच फक्त विमानांचा नाही, प्रत्येक शेडचा आहे. प्रयोगशाळा सांगते, 'हे इंजिन रोखा.' परिचालन विभागाला संध्याकाळच्या गाडीसाठी इंजिन हवे असते. इंजिन बाहेरून धडधाकट असते, आवाज स्वच्छ असतो, ड्रायव्हरची तक्रार नसते. बिघाड फक्त कागदावरच्या आकड्यात असतो. इंजिन रोखले आणि उघडल्यावर बेअरिंग खरोखर उतरलेले निघाले, तर कुणी टाळ्या वाजवत नाही, कारण अपघात झालेलाच नसतो. टळलेल्या अपघाताची बातमी होत नाही. त्याची एकमेव नोंद त्या रजिस्टरात असते.

२४. दरम्यान मुंबईचे चित्र पालटले. उपनगरी मार्गांवरील १५०० व्होल्टची जुनी पद्धत जाऊन २५,००० व्होल्टची आली: पश्चिम मार्गावर २०१२, मध्य मुख्य मार्गावर २०१५, हार्बरवर २०१६. १९९८ पासून डिझेलवर धावणारा कोकण रेल्वेचा मार्ग २०२२ मध्ये पूर्ण विद्युतीकृत झाला. डिझेल मागे पडले. बाटली मात्र गेली नाही. २५,००० व्होल्टचा दाब उतरवण्यासाठी विजेच्या इंजिनातच ट्रान्स्फॉर्मर असतो, आणि त्याच्या पोटात तेल असते. आता नमुना त्या तेलाचा निघतो.

२५. हे तेल वंगणाचे नाही. विद्युतरोधनाचे आणि थंडाव्याचे आहे. त्यात धातूऐवजी विरघळलेले वायू मोजतात. हायड्रोजन वाढला तर आत बारीक विद्युतस्राव चालू असण्याची शक्यता. इथिलीन वाढला तर कुठेतरी तीव्र उष्णता. ॲसिटिलीन दिसला तर ठिणगी. कार्बन मोनॉक्साइड वाढला तर वेटोळ्यांभोवतीचा कागद करपतो आहे. १९७४ मध्ये कॅनडाच्या मिशेल द्युव्हाल यांनी तीन वायूंच्या प्रमाणाचा त्रिकोण मांडला; तो आजही वापरात आहे. इथेही नियम तोच: एकटा आकडा नव्हे, वाढीचा वेग.

२६. आपल्या परिसरात हा धागा जागोजागी दिसतो. कांजूरमार्गला क्रॉम्प्टनच्या कारखान्यात ट्रान्स्फॉर्मर घडले. १९२९ साली सुरू झालेल्या बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लायने अंधेरी, बोरिवलीला वीज पोहोचवली. भांडुप, मुलुंड महावितरणकडे आहेत. महावितरणच्या मराठीत ट्रान्स्फॉर्मरला 'रोहित्र' म्हणतात. आपल्या गल्लीच्या टोकाला कुंपणामागे गुणगुणणारे ते मोठे रोहित्र उपकेंद्रातले असेल, तर कुणीतरी ठरावीक काळाने तिथे येऊन त्याच्या तळाच्या झडपेतून तेल काढून नेत असते. पावसाळ्यात वीज टिकली तर त्यात त्या अनामिक माणसाचाही वाटा आहे.

२७. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या साऱ्यात आमच्याच शिस्तीचे प्रतिबिंब दिसते. एकटे पत्र हाती आले की मोह होतो, पण अर्थ लागतो तो सलग दप्तरात. कोण लिहितो, केव्हा लिहितो, मधली पाने का नाहीत, हे विचारावे लागते. पेशवे दफ्तराच्या रुमालांना आपण हा मान देतो. लोको शेडच्या तेलनोंदींना देत नाही. वास्तविक त्यांत एकेका इंजिनाचे अनेक वर्षांचे चरित्र असते: कोणत्या साली धूळ अधिक, कोणत्या बनावटीची बेअरिंगे अल्पायुषी, कोणत्या महिन्यात भर घातल्याच्या नोंदी तुटक.

२८. अशा नोंदी सर्वाधिक धोक्यात येतात त्या तंत्रज्ञान बदलताना. शेड डिझेलची विजेची झाली की जुन्या रजिस्टरांचा उपयोग संपला असे वाटणे स्वाभाविक आहे. कपाट रिकामे करायचे असते आणि रद्दीला भाव असतो. पण त्याबरोबर जाते ती भारतीय औद्योगिक इतिहासातील एक दुर्मीळ गोष्ट: कामगारांनी रोज, पाळीपाळीने, स्वतःच्या हाताने लिहिलेली यंत्रांची प्रकृती. व्यवस्थापनाचे अहवाल जपले जातात. हे लिखाण जपण्याची तरतूद सहसा नसते.

२९. म्हणून शेवटी एक विनंती. आपल्या घरात कुणी कुर्ला, कल्याण किंवा घोरपडीच्या शेडमध्ये, विमानतळाच्या इंजिन कार्यशाळेत वा एखाद्या उपकेंद्रात तेलाचे नमुने घेतले असतील, तर त्यांना विचारा: नमुना कसा काढत असत? कोणता आकडा पाहून धस्स होई? इंजिन रोखायला सांगितल्यावर कोण काय म्हणे? उत्तरे लिहून ठेवा, तारखेसह. त्यांची स्वतःची टिपणवही असेल तर तिची छायाचित्रे काढून ठेवा. वही त्यांचीच राहू द्या.

३०. पुढचा थ्रेड कांजूर, भांडुप आणि मुलुंड या पट्ट्यातील मिठागरांवर. तोवर या विषयावर काही भर घालायची असेल, दुरुस्ती सुचवायची असेल, किंवा कुणाच्या आठवणी नोंदवायच्या असतील, तर खाली जरूर लिहा.